सायलेंट नाइट, डेडली नाइट पार्ट २ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर आला की या सिनेमातल्या ‘गार्बेज डे’ची क्लिप व्हॉट्सॲपवर फिरायला लागते आणि तिच्यामागोमाग प्रश्नही येतात. तेच तेच उत्तर पुन्हा टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवलंय. शेवटासकट सगळी गोष्ट इथे फोडली आहे, हे आधीच सांगतो.

हा सिनेमा नेमका कोणता? ‘सायलेंट नाइट’ नावाचे बरेच आहेत.

१९८७ सालचा अमेरिकन स्लॅशर. दिग्दर्शक ली हॅरी, मुख्य भूमिकेत एरिक फ्रीमन. १९८४ च्या ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’चा हा दुसरा भाग. स्लॅशर म्हणजे एकच खुनी, हाताला लागेल ते हत्यार आणि एकामागून एक पडत जाणारी माणसं. १९७८ साली जॉन कारपेंटरच्या ‘हॅलोविन’नं सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्चून कोट्यवधी कमावले. तेव्हापासून कमी पैशांत भयपट काढायला हॉलिवूडच्या वेशीबाहेरचे निर्माते रांगेत उभे राहिले. एकेक सण, एकेक तारीख घेऊन सिनेमे निघाले. नाताळही सुटला नाही.

गोष्ट थोडक्यात सांगाल?

पहिल्या भागात बिली नावाच्या लहान मुलासमोर, १९७१ च्या नाताळच्या आदल्या रात्री, सांताक्लॉजच्या वेशातला एक दरोडेखोर त्याच्या आईवडिलांना मारतो. बिली आणि त्याचा तान्हा भाऊ रिकी अनाथाश्रमात वाढतात. तिथली मदर सुपिरियर, म्हणजे मुख्य नन, शिक्षेवर फार विश्वास ठेवणारी. मोठा झाल्यावर बिली खेळण्यांच्या दुकानात कामाला लागतो, मालक त्याला सांताचे कपडे घालायला लावतो आणि बिलीचं डोकं फिरतं. शेवटी अनाथाश्रमात, मुलांच्या देखत, पोलीस त्याला गोळी घालतात.

दुसऱ्या भागात तो तान्हा भाऊ मोठा झालाय. मनोरुग्णालयातल्या एका खोलीत डॉ. हेन्री ब्लूम टेपरेकॉर्डर चालू करून त्याला बोलतं करतायत. रिकी आधी भावाची कहाणी सांगतो, मग स्वतःची. कहाणी संपते तेव्हा त्याच टेपनं डॉक्टरांचा गळा आवळलेला असतो आणि रिकी मदर सुपिरियरचा हिशेब चुकता करायला बाहेर पडलेला असतो.

पहिल्या भागावर एवढा गदारोळ कशामुळे झाला होता?

मुख्यतः जाहिरातींमुळे. धुराड्यातून बाहेर आलेला सांताचा हात, हातात कुऱ्हाड, असं पोस्टर होतं. टीव्हीवरच्या जाहिरातींत कुऱ्हाडवाला सांता दिसत होता, आणि त्या लहान मुलंही टीव्हीसमोर असतात अशा वेळी लागत होत्या. पालक खवळले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये एका सिनेमागृहाबाहेर लोकांनी नाताळची गाणी गात निदर्शनं केली. समीक्षक जीन सिस्केल यांनी टीव्हीवर सिनेमा बनवणाऱ्यांची नावं एकेक करून वाचून दाखवली आणि त्यांची लाज काढली. वितरक ट्रायस्टारनं काही दिवसांतच जाहिराती बंद केल्या, मग सिनेमाही काढून घेतला.

यातली गंमत अशी की तो ९ नोव्हेंबर १९८४ ला लागला, त्याच दिवशी ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ही लागला, आणि पहिल्या आठवडाअखेरीस कमाईत सांता पुढे होता. अर्थात तो दुपटीहून जास्त सिनेमागृहांत लागला होता, हे चाहते सांगताना हळूच गाळतात. तरी एक गोष्ट निर्मात्यांच्या लक्षात राहिली: हे नाव लोकांना पाठ झालंय. दुसरा भाग त्या नावाच्या पोटी जन्माला आला.

अर्धा सिनेमा जुनाच आहे, हे खरं का?

खरं. ८८ मिनिटांच्या सिनेमात सुमारे ४० मिनिटं पहिल्या भागातली आहेत. ‘मागील भागात आपण पाहिलं’ छापाची झलक समजू नका. आईवडिलांचा खून, अनाथाश्रमातला मार, दुकानातलं हत्याकांड, सगळं सविस्तर पुन्हा दाखवलंय. मध्ये मध्ये खुर्चीत बसलेला रिकी एखादं वाक्य टाकतो, डॉक्टर भुवई उंचावतात, की चालली पुढची जुनी रीळ.

याला कारण पैसा. निर्मात्यांची मूळ कल्पना तर याहून धाडसी होती: नवीन काहीच शूट करायचं नाही, जुन्याच फिल्मची काटछाट करून, नव्यानं जोडून ‘पार्ट २’ म्हणून बाजारात आणायचं. ली हॅरीनं थोडं तरी नवीन चित्रण करू द्या म्हणून हट्ट धरला. सुमारे दहा दिवसांचं चित्रीकरण पदरात पडलं. आज जे काही लोकांना आठवतं, ज्यावर हसतात, ज्याचे टी-शर्ट निघतात, ते सगळं त्या दहा दिवसांतलं आहे. जुन्या ४० मिनिटांतलं कुणी काही कधी फॉरवर्ड केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून या सिनेमाला शिव्या घालताना पत्ता बरोबर लिहावा, एवढंच माझं म्हणणं. प्रेक्षकाला फसवण्याचा बेत टेबलामागे बसलेल्यांचा होता. कॅमेऱ्यासमोर आणि मागे राबणाऱ्यांनी त्यातून निम्मा सिनेमा तरी वाचवला.

किती पैसे लागले आणि किती आले?

खर्च अडीच लाख डॉलरच्या आत. हॉलिवूडच्या हिशेबात हे चहापाण्याचे पैसे. सिनेमागृहांतली कमाई दीड लाख डॉलरच्या आसपास. तो लागला १० एप्रिल १९८७ ला. नाताळचा सिनेमा, एप्रिलच्या उन्हात. समीक्षकांनी झोडपला, ज्यांनी पाहिला त्यांनी तिकिटाचे अर्धे पैसे परत मागावेत अशी परिस्थिती. पण त्या काळी असे सिनेमे थिएटरवर जगत नसत. व्हिडिओ कॅसेटचं दुकान हे त्यांचं खरं घर. शुक्रवारी संध्याकाळी कपाटासमोर उभा असलेला गिऱ्हाईक कव्हर पाहून कॅसेट उचलायचा, आत काय आहे ते घरी गेल्यावर कळायचं.

पहिला भाग आधी पाहायला हवा का?

नको. वरचं ‘अर्धा सिनेमा जुनाच’ हे उत्तर वाचलंत तर कारण कळेल. उलट, आदल्या दिवशी पहिला भाग पाहून दुसऱ्या दिवशी हा लावलात तर पहिली ४० मिनिटं जांभया देत जातील. दोन्ही पाहायचेच असतील तर मध्ये एक वर्ष जाऊ द्या.

‘गार्बेज डे’ हा काय प्रकार आहे?

रिकीच्या हातात पोलिसाचं रिव्हॉल्व्हर आलंय. उजळ ऊन, दोन्ही बाजूंना नीटनेटकी घरं, हिरवळ, आणि हा स्वेटर घालून रस्त्याच्या मधोमध शांतपणे चालतोय, दिसेल त्याला गोळी घालतोय. एक गृहस्थ कचऱ्याचा डबा घेऊन घराबाहेर येतो. रिकी त्याच्याकडे पाहतो, भुवया कपाळात नेतो आणि ओरडतो, ‘गार्बेज डे!’ तो माणूस डबा ढालीसारखा धरून ‘नो!’ म्हणतो. गोळी. मग रिकीचं ते तुटक, मोजूनमापून हसणं.

अमेरिकेतल्या उपनगरांत पालिकेची गाडी आठवड्यातल्या ठरलेल्या वारी येते आणि त्या दिवशी प्रत्येक जण डबा रस्त्याच्या कडेला आणून ठेवतो. आपल्याकडे घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की जिन्यावरून बादल्या खाली येतात, तितकंच ते रोजचं, निरागस दृश्य आहे. खुन्यानं मारण्याआधी त्याची नोंद घ्यावी, तीही एवढ्या आनंदानं, यात सगळी मौज आहे. मागचापुढचा संदर्भ नसेल तर आणखीच चक्रम वाटतं, म्हणूनच यूट्यूब आल्यावर काही सेकंदांचा हा तुकडा जगभर पोचला. ज्यांनी सिनेमाचं नावही ऐकलं नव्हतं त्यांनाही तो पाठ झाला.

हा मुद्दाम विनोदी केला आहे का?

याचं सरळ हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. नवीन भागात थट्टेचा सूर नक्की आहे. एका गल्लीत रिकी एका गुंडाच्या पोटातून छत्री आरपार घालतो आणि ती पलीकडे जाऊन उघडते. वर पाऊसही पडतो. हे लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय हे माहीत होतं. मदर सुपिरियरच्या घराचा क्रमांक ६६६ आहे. तोही योगायोग नाही.

पण पहिल्या भागाची फिल्म गंभीर आहे, कधीकधी खरोखर उदास आहे. तिला हा चावट सूर चिकटवला की जोड दिसतो. एका दृश्यात लहान मूल आईला मरताना पाहतंय, पुढच्यात छत्री उघडतेय. प्रेक्षकानं तोंड कसं करायचं हेच त्याला कळत नाही.

एरिक फ्रीमन इतका वाईट अभिनय का करतो?

मला हा प्रश्नच मान्य नाही. त्याच्या भुवया प्रत्येक शब्दागणिक नाचतात, वाक्याचं शेवटचं अक्षर तो चावून टाकतो, हसताना तर अंगावर काटा येण्याऐवजी हसूच येतं, हे सगळं कबूल. पण विचार करा: त्याला निम्मा सिनेमा खुर्चीत बसून दुसऱ्याच्या सिनेमाचं निवेदन करायला सांगितलंय. समोर डॉक्टर, मागे भिंत. हालचाल नाही, प्रसंग नाही. अशा वेळी सौम्य अभिनय करणारा नट असता तर आपण बाराव्या मिनिटाला सिनेमा बंद केला असता. फ्रीमन प्रत्येक वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. खुर्चीतल्या प्रसंगांत पडद्यावर तेवढं एकच माणूस जिवंत आहे.

यानंतर तो फारसा दिसला नाही. वर्षानुवर्षं कुणाला त्याचा पत्ता नव्हता आणि चाहत्यांनी त्याला शोधण्याची मोहीमच उघडली. पुढे तो सापडला आणि भयपटांच्या मेळाव्यांतून चाहत्यांना भेटूही लागला.

काहीतरी चांगलं असेल ना?

आहे. रिकीची मैत्रीण जेनिफर हिची भूमिका एलिझाबेथ केटननं केली आहे आणि ती आली की सिनेमा पाच-सात मिनिटं माणसांचा होतो. तिचा जुना मित्र चिप गाडी दुरुस्त करत असताना रिकीशी उद्धटपणे बोलतो आणि गाडीची बॅटरी चार्ज करायच्या वायरी त्याच्या तोंडात जातात. पैशांच्या मानानं ते दृश्य बरंच नेटकं जमलंय. लगेच जेनिफर चिडून रिकीला ‘मला तुझा तिरस्कार वाटतो’ असं सांगते, तो गाडीचा अँटेना उपटतो, आणि तिथून ‘गार्बेज डे’पर्यंत सिनेमा श्वास घेत नाही. ही दहाएक मिनिटं मी कुणालाही दाखवीन.

मग फक्त तेवढंच पाहिलं तर चालेल?

चालेल की. पण रिकीचं हसणं तासभर साचल्यावर ‘गार्बेज डे’ येतो तेव्हा जो स्फोट होतो, तो क्लिपमध्ये मिळत नाही. चार मित्र जमवा, जुन्या फिल्मच्या वेळी गप्पा मारा, नवीन सुरू झालं की गप्प बसा.

घरच्यांसोबत, मुलांसोबत पाहण्यासारखा आहे का?

नाही. विनोदाची क्लिप पाहून फसू नका. पहिल्या भागातून उचललेल्या दृश्यांत लैंगिक अत्याचार आहे, नग्नता आहे, लहान मुलांदेखत खून आहेत. आणि सांतावर अजून विश्वास असलेलं मूल घरात असेल तर हा टीव्हीवर लावूच नका.

रिकी तर तान्हा होता. त्याला आईवडिलांचा खून कसा आठवतो?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि सिनेमाकडे याचं उत्तर नाही. रिकी त्या रात्री गाडीत होता, पण कडेवरचं बाळ होता. वरून तो असे प्रसंगही सांगतो जिथे तो हजरच नव्हता: दुकानाचं गोदाम, अनोळखी लोकांची घरं. ‘बिलीनं नंतर त्याला सांगितलं असेल’ ही काही चाहत्यांची पळवाट टिकत नाही, कारण ते खून केल्यावर बिलीला निवांत गप्पा मारायला वेळच मिळाला नाही.

खरं कारण वर येऊन गेलंय. निवेदक हा जुनी फिल्म वापरण्याचा परवाना आहे. त्याला काय माहीत असू शकतं, हा विचार कुणी केलेला नाही.

वयाचा हिशेब लागतो का?

नाही. १९७१ साली कडेवरचं बाळ, म्हणजे सिनेमा लागला तेव्हा फार तर सोळा वर्षांचा. पडद्यावर मात्र भरदार खांद्यांचा पुरता बाप्या बसलाय. आडनावही तसंच: पहिल्या भागात भाऊ चॅपमन आहेत, दुसऱ्यात रिकी कॉल्डवेल. दत्तक गेल्यामुळे बदललं म्हणावं, तर त्याला दत्तक घेणारं कुटुंब रोझेनबर्ग.

थिएटरच्या दृश्यात रिकी आणि जेनिफर कोणता सिनेमा पाहतात?

सांताचे कपडे घालून माणसं मारणाऱ्या एकाची गोष्ट, असं जेनिफर कौतुकानं सांगते. आणि पडद्यावर दिसतात ती दृश्यं आहेत पहिल्या भागातली. म्हणजे रिकीच्या जगात त्याच्या सख्ख्या भावाच्या गुन्ह्यांवर सिनेमा निघालाय, तो तिकीट काढून बघायला आलाय, आणि त्याच्या आयुष्याची दृश्यं सार्वजनिक पडद्यावर चालली असताना त्याला राग येतो तो मागच्या रांगेत बडबड करणाऱ्याचा. जुनी फिल्म दुसऱ्यांदा वापरायची ही युक्ती पैसे वाचवण्यापुरतीच होती. पण या सिनेमातलं सगळ्यात विक्षिप्त आणि कदाचित सगळ्यात हुशार दृश्य तेच आहे.

लाल रंग पाहिला की रिकी बिथरतो, ते का?

सांताचा पोशाख लाल. लहानपणी दत्तक आईबरोबर बाजारात गेल्यावर लाल कापड आणि नन्स एकदम दिसतात आणि तो गोठून जातो. पुढे लाल दिसलं आणि समोरचा माणूस ‘वाईट वागला’ असं त्याला वाटलं, की शिक्षा. गंमत म्हणजे स्वतः सांताचे कपडे तो थेट शेवटच्या टप्प्यात घालतो, तेही भर रस्त्यात देणगी गोळा करणाऱ्या सांताला मारून. नाव आणि पोस्टर पाहून आलेल्याला सांताचं दर्शन बहुतेक करून जुन्या फिल्ममध्येच होतं.

मदर सुपिरियर दोन्ही भागांत तीच अभिनेत्री आहे का?

नाही. पहिल्या भागात लिलियन शोव्हँ होत्या आणि जुन्या दृश्यांत त्याच दिसतात. नव्या दृश्यांत जीन मिलर आहेत. झटका येऊन गेल्याचं सांगून त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू मेकअपनं विद्रूप केली आहे, त्यामुळे बदल चटकन लक्षात येत नाही. पुढे चाकाच्या खुर्चीतल्या मदर सुपिरियरचा रिकी पाठलाग करतो. त्याचा वेग पाहता रिकीला घाई नसावी.

शेवटी रिकी मरतो का? पुढचे भाग पाहायचे का?

मदर सुपिरियरचं डोकं धडावेगळं झाल्यावर पोलीस रिकीला गोळ्या घालतात. तो पडतो, आणि मग डोळे उघडून हसतो.

१९८९ च्या तिसऱ्या भागात तो कोमात आहे. डोक्यावर पारदर्शक घुमट बसवलाय, आत मेंदू दिसतो, आणि भूमिका आता बिल मोझलीकडे आहे. दिग्दर्शक माँटी हेलमन, सत्तरच्या दशकात समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला माणूस, या घुमटापर्यंत कसा पोचला हे हॉलिवूडच्या अर्थकारणालाच ठाऊक. सिनेमा संथ आहे, मला कंटाळा आला. १९९० च्या चौथ्यात चेटकिणी आणि किडे आहेत. सांताशी, बिलीशी काही संबंध नाही. १९९१ च्या पाचव्यात हॉलिवूडचा जुना नट मिकी रूनी खेळणी बनवणारा म्हातारा आहे. याच रूनीनं पहिल्या सिनेमाविरुद्ध संतापाचं पत्र लिहिलं होतं, ही हकिगत चाहते फार चवीनं सांगतात. वेळ कमी असेल तर तिसरा-चौथा सोडून थेट पाचवा लावा. आणि २०१२ साली ‘सायलेंट नाइट’ नावानं आलेल्या नव्या अवताराची या मालिकेच्या गोष्टीशी गल्लत करू नका: तिथला सांता वेगळा, गाव वेगळं, आणि त्याच्याकडे आग ओकणारी बंदूक आहे.